देव मानत नाही, पण दारू सोडायची आहे: बारा पायऱ्यांच्या मीटिंगमध्ये नास्तिकाने बसायचं कसं?

वऱ्हाडात एखाद्या पिणाऱ्याने दारू सोडली की गावात पहिला प्रश्न येतो, "कोणाची माळ घातली बापा?" दारू सुटली म्हणजे मागे कोणीतरी महाराज, कुठलीतरी वारी नाहीतर देवापुढे घेतलेली शपथ असणार, हे लोकांनी धरूनच चाललेलं असतं. बऱ्याचदा ते खरंही असतं. माळ घातल्यावर पिणं सोडलेली माणसं आपल्याकडे गावोगावी भेटतात.

पण ज्याचा देवावर विश्वासच नाही, त्याने काय करायचं?

हा प्रश्न पुण्या-मुंबईतल्या पुस्तकं वाचणाऱ्या चार नास्तिकांचा आहे असं वाटत असेल, तर जरा चांदूर रेल्वेकडे बघा. मुंबई-नागपूर लाइनवर बडनेरा आणि धामणगाव यांच्यामधलं हे तालुक्याचं गाव. शेजारच्या तिवसा तालुक्यात मोझरीचा गुरुकुंज, म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आश्रम. गाडगेबाबा जन्मले ते याच अमरावती जिल्ह्यात, शेंडगावला. पूर्वेकडे वर्धा नदी आणि नदीपलीकडे दारूबंदी असलेला वर्धा जिल्हा. आणि याच मुलखात १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेली असंख्य कुटुंबं, ज्यांच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे आणि त्याच यादीत पुढे दारू न पिण्याचीही आहे.

म्हणजे देव न मानता दारू सोडणं ही इथे परदेशातून आलेली कल्पना नाही. घरातल्या भिंतीवर फ्रेम करून लावलेली गोष्ट आहे. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. दारू हाताबाहेर गेलेल्या माणसाला कोणीतरी सांगतं, "ए.ए.च्या मीटिंगला जा, फुकट असते, लोक चांगले असतात." तो जातो, आणि पहिल्याच दिवशी समोरच्या तक्त्यावर वाचतो की आपलं जीवन परमेश्वराच्या हवाली करायचं आहे. पुढच्या आठवड्यात तो येत नाही.

ही ए.ए. म्हणजे नेमकं काय, ते आधी बघू.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झाली. (योगायोग बघा, मोझरीचा गुरुकुंजही त्याच वर्षीचा.) शेअर बाजारात काम करणारा बिल विल्सन आणि सर्जन असलेला डॉ. बॉब स्मिथ, दोघेही पक्के पिणारे. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी मोकळेपणाने बोलला की दोघांचंही पिणं थांबतं, हा त्यांचा साधा शोध. भारतात ही चळवळ १९५७ साली आली. फी नाही, नावाचं रजिस्टर नाही, डॉक्टर नाही, साहेब नाही. खर्चासाठी शेवटी टोपी फिरते, ज्याला जमेल त्याने टाकायचं. एकेक जण उठतो, नाव सांगतो, 'मी मद्यपी आहे' म्हणतो आणि आपली गोष्ट सांगतो. याला 'शेअरिंग' म्हणतात. जुना सदस्य नव्याचा हात धरतो, तो त्याचा 'स्पॉन्सर'.

या सगळ्याला आधार आहे तो बारा पायऱ्यांचा. यातल्या पाच पायऱ्यांत थेट देव येतो आणि दुसऱ्या पायरीत 'आपल्याहून मोठी शक्ती'. म्हणजे बारापैकी सहा. दारू हा शब्द फक्त पहिल्या पायरीत आहे. तेव्हा पहिल्या दिवशी आलेल्या नास्तिकाला 'आपण सत्संगाला आलो की काय' असं वाटलं, तर त्यात त्याची चूक नाही.

देवाचा हा भरणा कुठून आला? ए.ए. सुरू करणारी माणसं आधी 'ऑक्सफर्ड ग्रुप' नावाच्या ख्रिस्ती चळवळीत जात होती. पापाची कबुली, नुकसान भरून देणं, ईश्वराला शरण जाणं हे सगळं तिथलं. त्यात बिल विल्सनला १९३४ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या हॉस्पिटलात उपचार चालू असताना एकदम प्रकाश दिसल्यासारखा अनुभव आला आणि त्यानंतर तो पुन्हा प्यायला नाही. साहजिकच त्याच्या लेखी देव हाच इलाज होता.

पण सुरुवातीच्या त्या दहा-वीस लोकांतच एक कट्टर नास्तिक होता. जिम बरवेल, धंद्याने सेल्समन. तो १९३८ साली न्यूयॉर्कच्या गटात आला आणि मीटिंगमध्ये उघडपणे देवाच्या गोष्टींची टर उडवायला लागला. बाकीचे वैतागले, याला हाकला म्हणाले. पण १९३९ मध्ये छापलेल्या ए.ए.च्या मूळ पुस्तकात, ज्याला सदस्य 'बिग बुक' म्हणतात, पायऱ्यांची भाषा मऊ झाली ती जिमसारख्यांच्या भांडणामुळेच. 'देव' या शब्दापुढे 'आम्हाला तो जसा उमगला तसा' ही पुस्ती जोडली गेली. सातव्या पायरीच्या मसुद्यात गुडघे टेकून विनंती करायची होती, ते गुडघे टेकणं काढून टाकलं. पुढे सदस्यत्वाची एकच अट पक्की झाली: पिणं थांबवायची इच्छा. श्रद्धेची अट नाही.

त्यामुळे ए.ए.च्या मीटिंगमध्ये कोणी म्हणालं की देव मानत नसशील तर तुझं इथे काम नाही, तर तो ए.ए.च्याच नियमाविरुद्ध बोलतोय. हे माहीत असलेलं बरं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती बरेचदा झाकली जाते. 'आमचा कार्यक्रम आध्यात्मिक आहे, धार्मिक नाही' असं ए.ए.वाले सांगतात. 'देव म्हणजे तुला वाटेल ते समज, झाड समज, समुद्र समज' असंही सांगतात. ऐकायला छान आहे, पण झाडाला आपल्या चुकांची कबुली देता येत नाही आणि समुद्र आपले स्वभावदोष काढून घेत नाही. बिग बुकमध्ये नास्तिकांसाठी म्हणून जे प्रकरण आहे, त्याचा सूरही 'हळूहळू तूही मानायला लागशील' असाच आहे. नास्तिकाला हे जाणवतं आणि त्याला वाटतं की आपल्याला फसवून देवळात नेताहेत. त्याचा राग खोटा नाही.

कोर्टांनाही हे मान्य झालंय. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने १९९६ मध्ये ग्रिफिन नावाच्या नास्तिक कैद्याच्या बाजूने निकाल दिला. कुटुंबाला भेटण्याची सवलत हवी तर ए.ए.वर आधारलेल्या कार्यक्रमात बसलंच पाहिजे, अशी अट तुरुंगाला घालता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये बायरन वूड या नर्सला नोकरी टिकवायची तर बारा पायऱ्यांचा कार्यक्रम कर, असं सांगितलं गेलं. त्याने नास्तिक म्हणून नकार दिला, नोकरी गेली, तो मानवी हक्कांच्या लढाईत उतरला. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि तिथल्या आरोग्य यंत्रणेने अशी सक्ती न करण्याचं मान्य केलं. टोरांटोत तर ए.ए.च्या आतच भांडण पेटलं. दोन नास्तिक गटांनी पायऱ्यांतून देव काढला, म्हणून २०११ मध्ये त्यांना शहराच्या यादीतून काढलं. प्रकरण मानवी हक्क न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये ते गट यादीत परतले.

आपल्याकडे असा गाजलेला खटला नाही, पण कायदा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक त्रास येतात आणि उपचार देताना धर्म, जात, सामाजिक-राजकीय मतं यांवरून भेदभाव करता येत नाही.

पण चांदूर रेल्वेतल्या माणसाला कायद्यापेक्षा भाषेचा त्रास जास्त होतो, असं आमचं मत आहे. इंग्रजीतली 'हायर पॉवर' मराठीत 'उच्च शक्ती' होते आणि शक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर अंबादेवी उभी राहते. 'स्पिरिच्युअल'चं 'आध्यात्मिक' झालं की त्यामागून महाराज, पोथी आणि उदबत्ती येते. त्यात मीटिंगची जागा एखाद्या मंदिराच्या सभागृहात किंवा चर्चच्या खोलीत असली की झालंच. आंबेडकरी घरातल्या माणसाला तर हे दुप्पट टोचतं. बाबासाहेबांनी ज्यातून बाहेर काढलं, तिथेच परत हात जोडून उभं राहायचं का? दारू सोडायची म्हणून प्रतिज्ञा मोडायची?

गंमत म्हणजे याच माणसाकडे एक उत्तर आधीपासून आहे. बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं तो लहानपणापासून म्हणत आला आहे. त्यातला तिसरा शब्द 'संघ', म्हणजे एकत्र चालणाऱ्या माणसांचा समूह. ए.ए.तले जुने नास्तिक हेच करतात. इंग्रजीतल्या 'गॉड' या शब्दाच्या तीन अक्षरांवरून ते 'ग्रुप ऑफ ड्रंक्स' म्हणतात, म्हणजे पिणाऱ्यांचा गट. आपल्याहून मोठी शक्ती कोणती? तर ही समोर बसलेली बारा माणसं, जी माझ्यासारखीच पीत होती आणि आज प्यायलेली नाहीत. यात आकाशाकडे बघावं लागत नाही आणि स्वतःशी खोटंही बोलावं लागत नाही.

आणि आपल्याकडच्या संतांचं काय? गाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. मुलीच्या बारशाला मटण आणि दारूचं जेवण द्यायची रीत बाबांनी मोडली आणि गोड जेवण घातलं. पुढे कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारायचे, कर्ज काढून सण करू नका, नवसाला बकरं कापू नका, दारू पिऊ नका म्हणून सांगायचे. देव मूर्तीत नाही, माणसात शोधा, असा त्यांचा रोख. तुकडोजी महाराजांनी सर्व धर्मांच्या लोकांना एका सतरंजीवर बसवून सामुदायिक प्रार्थना सुरू केली. दोघेही देव मानणारे, यात वाद नाही. त्यांना ओढूनताणून नास्तिक करायची गरज नाही. पण दोघांच्याही कामात गर्दी एकत्र बसवणं हाच मोठा भाग होता. एकट्याने घरात बसून दारू सोडा, असं कोणीच सांगितलं नाही.

माळ आणि मीटिंग यात मात्र एक मोठा फरक आहे. माळ किंवा शपथ ही कायमची असते. मोडली की मोडली. लग्नात एखादा पेग झाला, माळ खुंटीला गेली, आणि 'आता तुटलीच आहे तर' म्हणून माणूस पुढचे सहा महिने पीत राहतो. प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही हेच होतं, वर समाजाला तोंड दाखवायची लाज. ए.ए.त कायमचं वचन मागत नाहीत. फक्त आजचा दिवस. घसरलात तर परत या, पहिल्या दिवसापासून मोजा, कोणी हाकलत नाही. देवाचा या हिशेबाशी काहीही संबंध नाही आणि नास्तिकाला मीटिंगमधून घेण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट बहुधा हीच आहे.

बरं, न मानणाऱ्याला याचा फायदा होतो का, याचे पुरावे आहेत का? आहेत. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. ए.ए.शी नीट जोडून देणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभरानंतर साधारण ४२ टक्के लोक पूर्ण दारूमुक्त होते, इतर उपचारांत हे प्रमाण ३५ टक्के. फरक आहे, पण चमत्कार नाही. अर्ध्याहून जास्त लोक दोन्हीकडे घसरलेच. आणि यातले बरेचसे अभ्यास अमेरिकेतले आहेत. आपल्या कामाचा दुसरा अभ्यास २००२ सालचा, टोनिगन आणि सहकाऱ्यांचा. त्यात दिसलं की नास्तिक आणि अज्ञेयवादी लोक मीटिंगला कमी जातात. पण जे जातात, त्यांना आस्तिकांसारखाच फायदा होतो. म्हणजे देव न मानल्यामुळे इलाज फसत नाही. देव न मानल्यामुळे माणूस दारातून परत फिरतो, तिथे नुकसान होतं.

म्हणून प्रत्यक्ष मीटिंगमध्ये कसं वागायचं, हे थोडं सविस्तर.

प्रार्थना सुरू झाली की गप्प उभं राहिलं तरी चालतं. हात जोडायची सक्ती नाही. शेअरिंगमध्ये 'मी देव मानत नाही, पण पिणं थांबवायचं आहे' असं एकदा सरळ सांगून टाकावं. लपवत बसलं की दर आठवड्याला घुसमट होते आणि तीच घुसमट बारच्या दारात नेते. एवढं सांगून विषय सोडावा. मीटिंग ही देव आहे की नाही याचा वाद जिंकायची जागा नाही, समोरचा बिचारा कालच हातपाय कापत आलेला असतो. स्पॉन्सर निवडताना चार जणांचं ऐकून मग ठरवावं. 'तू श्रद्धा ठेवलीस तरच वाचशील' म्हणणारा कितीही भला असला तरी तुमच्यासाठी नाही. 'आज प्यायला का? संध्याकाळी फोन कर' म्हणणारा शोधावा, मग तो रोज शेगावला जाणारा का असेना.

पायऱ्यांचंही तसंच. पहिली पायरी कबुलीची आहे, माझा दारूवर ताबा राहिलेला नाही. चौथी आणि पाचवी म्हणजे स्वतःचा हिशेब मांडून एका माणसाला वाचून दाखवणं. आठवी-नववी म्हणजे ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी आणि भरपाई. बायकोचं गहाण पडलेलं मंगळसूत्र सोडवून आणायला देव लागत नाही. तिसरी, सहावी, सातवी आणि अकरावी या मात्र खरोखर प्रार्थनेच्या पायऱ्या आहेत. जगभरातले नास्तिक गट त्यांचा अर्थ 'मदत मागायला शिकणं' किंवा 'रोज दहा मिनिटं शांत बसणं' असा करतात. कोणाला तेही पटत नाही, ते त्या बाजूला ठेवतात. त्याने आभाळ कोसळत नाही.

इतकं करूनही जमलंच नाही तर? तर दुसरे रस्ते आहेत. महाराष्ट्रात तर व्यसनमुक्तीच्या कामात विवेकवादी माणसं सुरुवातीपासून आहेत. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीच साताऱ्यात 'परिवर्तन' ही व्यसनमुक्ती संस्था उभी केली. पुण्याचं 'मुक्तांगण' १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलं, आणि हे अवचट म्हणजे बुवाबाजीवर 'संभ्रम' लिहिणारे अवचट. दुसऱ्या टोकाला मुंबईत फादर जो परेरा यांचं 'कृपा फाउंडेशन', १९८१ पासूनचं, बारा पायऱ्या आणि योग यांवर उभं. दोन्ही प्रकारच्या ठिकाणी लोक बरे झाले आहेत. इंटरनेटवर 'स्मार्ट रिकव्हरी'सारखे देवाशिवाय चालणारे गट आहेत, पण त्यांचं काम मुख्यतः इंग्रजीत.

चांदूर रेल्वेहून साताऱ्याला जाणं प्रत्येकाला जमत नाही, हे उघड आहे. जवळचे पर्याय म्हणजे अमरावतीचं जिल्हा रुग्णालय, ज्याला लोक आजही इर्विनच म्हणतात, किंवा रेल्वेने वर्धा-सेवाग्राम गाठलं तर तिथलं कस्तुरबा रुग्णालय. मानसोपचारतज्ज्ञ दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्झोनसारखी औषधं देऊ शकतात. ही औषधं आस्तिक-नास्तिक बघत नाहीत.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी, माळकरी असो की नास्तिक. रोज भरपूर पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम दारू तोडू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, माणूस बरळतो, भिंतीवर किडे दिसतात. आपल्याकडे याला 'बाहेरची बाधा' समजून मांत्रिकाकडे नेतात आणि त्यात जीव जातो. अशा वेळी थेट दवाखाना. तसंच 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींतली पावडर भाजीत कालवू नये. त्यात डायसल्फिराम असेल आणि वरून तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. हे औषध माणसाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

गावात ओळख फुटायची भीती असेल तर सुरुवात फोनवरून करता येते. व्यसनमुक्तीसाठी सरकारची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६, दोन्ही मोफत. एखाद्या केंद्रात भरती व्हायचं ठरलं तर पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारून घ्या: डॉक्टर रोज येतात का, रुग्णाच्या मर्जीविरुद्ध कोंडून ठेवता का, आणि सकाळच्या प्रार्थनेला बसलं नाही तर चालेल का. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा चिडला, तर पुढच्या केंद्राला फोन लावा.